धवलेरीचा श्वास

भिंतीवर तांदळाच्या पिठानं रेखलेल्या लग्नचौकासमोर बसता बसता रखमीनं पिशवीतला श्वासाच्या औषधाचा पंप काढला आणि नवऱ्याच्या, हिरूच्या, हातात दिला. आज नको म्हणाली. लग्नाची गाणी गाऊन लग्न लावणारी ती धवलेरी. लग्न लागेस्तोवर तोंडात काही घालायचं नाही, हा तिचा स्वतःचा नेम होता.

गंजाडला भावाच्या घरी आज भाचीचं, चंद्रिकाचं लग्न होतं. दोन वर्षांत रखमीनं एकही लग्न लावलं नव्हतं. चुलीच्या धुरानं छाती पार धरली होती. धाप लागली की सुई टोचून घ्यायची, एवढाच इलाज तिला ठाऊक. डहाणूच्या डॉक्टरीणबाईंनी तो बदलला. बरं वाटत असलं तरी रोज सकाळ-संध्याकाळ पंप, आणि ओठ आवळून श्वास सावकाश सोडायचा व्यायाम. फुफ्फुसं नवी होणार नाहीत, हेही बाईंनी लपवलं नाही. आहे तो श्वास पुरवून वापरायला शिकवलं. भाचीचं लग्न आपणच लावायचं, या एका हट्टापायी रखमी शिकली.

दुसऱ्याच ओळीला तिचा आवाज अडकला. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. एवढे दिवस तिच्या जागी लग्नं लावणारी दुसरी धवलेरी, बारकी, भिंतीला टेकून बसली होती. हिचा दम कधी संपतो याचीच ती वाट बघतेय, असं रखमीला वाटलं आणि तिचा जळफळाट झाला.

हिरू पुढे आला. पंपाची सवय लागेल म्हणून घर डोक्यावर घेतलेला हाच माणूस.

"घे."

"उपास हाय माझा."

"वारा खाल्ला तं उपास मोडतो काय? मंग तुझा सकालपासून मोडलाच हाय."

बायका हसल्या. रखमीलाही हसू आलं, हसता हसता खोकला आला. तो शमल्यावर तिनं पंप ओढला, चूळ भरून टाकली आणि छाती मोकळी होईपर्यंत थांबली.

मग ती गाऊ लागली. पूर्वी एका दमात जाणारी ओळ आता मधेच तोडावी लागे. तिथं ती ओठ आवळून श्वास सोडी, नवा घेई आणि गाणं पुढे नेई. तोडल्याचं वाईट वाटत होतं, पण गाणं थांबत नव्हतं याचा आनंद त्याहून मोठा होता. बारकीची नजर तिच्या ओठांवरून हलत नव्हती. चुका काढतेय मेली, असं मनात म्हणत रखमी ईर्ष्येनं शेवटपर्यंत गेली. चंद्रिकाचं लग्न लागलं.

मांडवात ताडी फिरू लागली तेव्हा बारकी उठून तिच्याजवळ आली. चार पावलं तर होती, तरी बोलण्याआधी तिला भिंत धरून थांबावं लागलं. रखमीनं पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं.

"त्या डॉक्टरीणबाईकडं," बारकी हळूच म्हणाली, "कवा जावं लागतं?"

रखमीनं सरकून तिला जागा करून दिली.

"सोमवारी. माझ्यासंगं चल."

बारकीचा श्वास जाग्यावर येईपर्यंत रखमी तिला ओठ आवळून श्वास सावकाश कसा सोडायचा ते दाखवत राहिली.