हळू चढवलेलं पाणी

नदीतल्या माशांचा अभ्यास करणाऱ्या लॉरीनच्या त्या पत्राला एल्डनने उत्तर दिलंच नाही. पत्र साधं होतं. ‘तुम्ही शब्द दिल्याप्रमाणे पाणी हळूहळू चढवलंत, तरी पिल्लं गेली. तुमचा काही दोष नाही. आभार.’

पिल्लं म्हणजे पाइकमिनोची. मोठा झाला तर हा मासा हातभर लांब होतो, पण मोठे आता फारसे उरलेले नाहीत. पहिल्या हिवाळ्यात पिल्लं बोटाएवढी असतात. काठालगतच्या साचलेल्या पाण्यात, बर्फाखाली, जवळजवळ न हलता ती वसंताची वाट पाहतात.

एल्डन तेव्हा वरच्या धरणावर नियंत्रण खोलीत होता. त्या जानेवारीत शहरं गारठली आणि वीज कमी पडायला लागली. पाणी वाढवावं लागणार हे लॉरीनलाही कळत होतं. तिने फोनवर एवढंच मागितलं, “रात्रभर थोडं थोडं चढवा, काका. बर्फ अख्खा उचलला जाईल. एकदम सोडलंत तर फुटेल आणि सगळं खरवडून नेईल.” एल्डन हो म्हणाला होता.

संध्याकाळी शहरातून वीज वाटणाऱ्या माणसाचा फोन आला. “सगळं सोडा. आत्ताच्या आत्ता.”

त्याच्याशी भांडावं लागलं असतं. फार नाही, चार वाक्यं. ती वाक्यं एल्डनने कागदावर लिहूनही ठेवली होती. कागद समोर होता आणि तो म्हणाला, “बरं.”

दुसऱ्या दिवशी बर्फ तोफेसारखा फुटला. नदीतली पाणी मोजायची नळी गोठलेली होती, त्यामुळे लॉरीनपाशी पुरावा म्हणून एल्डनचा शब्दच होता. तो तिने खरा धरला.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. एल्डन निवृत्त झाला. फेब्रुवारीतल्या एका सोमवारी नेल्डाने बटाटे-चीजचं गरम भांडं टॉवेलात गुंडाळून त्याच्या हाती दिलं आणि नदीवर पिटाळलं. “ती युट जमातीतली पोरगी बर्फावर उपाशी काम करते. दे आणि दोन शब्द बोल. नुसता उभा राहू नकोस.”

लॉरीन आता पोरगी राहिली नव्हती. गिरमिटाने बर्फाला भोक पाडून ती गुडघ्यांवर बसली होती.

“काका! नेल्डाकाकूंनी मीठ घातलंय ना या वेळी?”

“म्हणाली तर होती.”

“मागच्या वेळीही म्हणाल्या होत्या.” ती हसली आणि पांढरी बशी पुढे केली. बशीत एक पिल्लू होतं, काडीसारखं, कल्ले तेवढे हलत होते. “हे बघा. पोटात काही नाही. अंगावरच्या चरबीवर जगतंय बिचारं. दर वेळी पाणी हललं की याला पोहावं लागतं, आणि पोहलं की तेवढं आयुष्य कमी.” तिने बशी हलकेच पाण्यात कलती केली. “गुरुवारी बैठक आहे. धरणाच्या नव्या नियमांच्या मसुद्यातून पाणी हळू चढवायची अट काढून टाकतायत.”

“कोण?”

“विजेवाले. मीही हो म्हणणार आहे.”

“तू?”

“मग काय करू? तुमच्या त्या हिवाळ्याचा दाखला आहे ना. इतक्या सांभाळून चढवलंत तरी गेली. ज्याचा उपयोगच नाही त्यासाठी किती भांडायचं? दुसरं काहीतरी पदरात पाडून घेते.”

एल्डनने तोंड उघडलं. वाफ बाहेर आली.

“बर्फ चांगला जमलाय,” तो म्हणाला.

“जमलाय खरा,” लॉरीन म्हणाली आणि भांड्याचं झाकण उघडून बघू लागली.

घरी आल्यावर त्याने टोपीसुद्धा काढली नाही.

“नेल्डा, मी भित्रा आहे का गं?”

“आत्ता विचारतोस? लग्नाचं मला तुझ्या आईने विचारलं होतं.”

तो हसला नाही. मग त्याने त्या रात्रीचं सांगितलं. नेल्डाच्या हातातली सुरी थांबली. सोललेलं गाजर तिने बाजूला ठेवलं.

“ती दर ख्रिसमसला आपल्याकडे येते, एल्डन. आपल्या टेबलावर जेवते.”

“हो.”

“फोन कर तिला.”

“मला फोनवर जमत नाही.”

“मग लिही. लिहायला तोंड लागत नाही.”

पहिल्या कागदावर त्याने थंडीचं लिहिलं. त्या वर्षी म्हाताऱ्यांच्या घरांत दिवे गेले असते, वरून हुकूम होता, वगैरे. सगळं खरं होतं, आणि वाचताना त्याची त्यालाच लाज वाटली. असे बरेच कागद गेले. शेवटी उरलं ते एवढंच: ‘त्या रात्री मी पाणी हळू चढवलं नाही. एकदम सोडलं. हळू चढवून कधी कोणी पाहिलेलंच नाही. अट काढू देऊ नकोस. हे बैठकीत माझ्या नावानिशी वाच.’

पोस्टात रीव्हा होती. चर्चमध्ये ती त्याच्या मागच्या बाकावर बसते.

“लॉरीनला? अहो, ती तर नदीवरच आहे. जाऊन द्या की हातात.”

“नको. पोस्टानेच जाऊ दे.”

“उद्या मिळेल.” तिने तिकीट लावलं, शिक्का मारला आणि पाकीट ओढलं. ते आलं नाही. एल्डनची दोन बोटं अजून त्याच्यावर होती.

“सोडा की आता,” रीव्हा म्हणाली.

त्याने बोटं काढली.