ताण

"आबा, पाणी."

स्वरालीनं सकाळपासून सातव्यांदा तांब्या मागितला, तसा सावळाराम उठून तिच्याजवळ गेला. नात नऊ वर्षांची. श्वास धावल्यासारखा, तोंडाला पिकल्या फळाचा वास. आता ओकलीही.

सून म्हाळसा मोरगावला जाताना बजावून गेली होती, "आबा, इंजेक्शन चुकवू नगा."

चुकवलं नव्हतं; थांबवलं होतं. बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनीच सांगितलेलं, की इन्सुलिन करणाऱ्या पेशी लहान वयात एकीच्या दोन होतात, सावकाश. पुढं डोसही निम्म्यावर आला. मग काय, सणसरच्या पारावर सावळारामनं पेशींचं पीकच काढलं. "काल अठरा हुत्या, आज छत्तीस! पोरीच्या पोटाला कान लावा, फुटवं फुटल्याचा आवाज येतोय." तोडल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणारा खोडवा चाळीस वर्षं पाहिलेला माणूस. पाण्याचा ताण दिला की मुळं खोल जातात, हे त्याला कुणी शिकवायला नको. म्हणून कालपासून इंजेक्शन बंद ठेवून पोरीला त्यानं ताण दिला होता.

"मानसिंगा, जीप काढ!"

"का आबा, छत्तिसाच्या भात्तर झाल्या व्हय?" शेजारचा मानसिंग हसला. मग त्याला पोरगी दिसली, आणि तो चावी घ्यायला पळाला.

भवानीनगर मागं पडलं. सावळाराम नातीच्या छातीवर हात ठेवून बसला होता.

बारामतीच्या दवाखान्यात सलाईन लागलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "औषध कुणी बंद केलं?"

इंजेक्शनचं पेन उंदरानं नेलं, ही थाप जिभेवर तयार होती.

"म्या," तो म्हणाला. "ताण दिला, बाई. फुटवा जोरात यावा म्हणून."

बाईंनी खुर्ची त्याच्याजवळ ओढली. "पेशी वाढतात, आजोबा. पण तिचंच शरीर त्या मारून टाकतं. वाढतात थोड्या, मरतात जास्त. इंजेक्शनमुळं उरलेल्यांना विसावा मिळाला, म्हणून डोस उतरला होता."

"म्हंजी उसातली हुमणी कीड," सावळाराम पुटपुटला. "मुळं खाती. वरनं ऊस हिरवागार, धरला की हातात येतोय."

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरीनं डोळे नीट उघडले. म्हाळसा आली होती; सासऱ्याकडं पाठ करून पोरीजवळ बसली.

आठवड्यानं घरी जेवणाआधी त्यानं पेन हातात घेतलं. म्हाळसा दारात उभी राहून बघत होती.

"आबा, आज पेशी किती झाल्या?" स्वरालीनं विचारलं.

त्यानं तिची बाही वर सारली. सुई तिच्या दंडात टोचली, बटण दाबलं. सुई दहा अंक मोजेपर्यंत आत ठेवायची असते.

"एक," सावळाराम मोठ्यानं मोजू लागला, "दोन..."