उभ्याने मरणं

आमच्या पनवेलच्या नाटकात माणसं उभ्यानेच मरतात. कारण कपडे. भातगिरणीच्या जुन्या गोदामात आम्ही प्रयोग करतो आणि कपडे प्रेक्षकांकडूनच मागून आणतो. फायदा असा, की आपला कपडा बघायला अख्खं घर येतं. रोडपालीच्या सोसायटीतून येतात, मोहल्ल्यातून येतात, गावांतून येतात. तोटा असा, की सगळे पहिल्या रांगेत बसून आपापल्या कपड्यावर पहारा देतात. शफीचाचांनी शेरवानी देतानाच बजावलं होतं, "मरना है तो खडे-खडे मरो." तेव्हापासून आमचा खलनायक खांबाला टेकून प्राण सोडतो. मी दिग्दर्शक आहे, पण माझं ऐकतो कोण?

परवा राणी झाली होती शुक्री. कातकरीवाडीतली, एरवी वीटभट्टीवर असते. अंगावर कमळाबाईंचा लग्नातला शालू. देताना त्या म्हणाल्या होत्या, "मातीचा डाग नाय लागला पायजे, सांगून ठेवते." शेवटी राणीला मुलगा लढाईत मारला गेल्याची बातमी कळते आणि ती जमिनीवर कोसळते. शुक्रीने असा टाहो फोडला, की गोदाम चिडीचूप झालं. तिचे गुडघे वाकले. तेवढ्यात तिला शालू आठवला आणि ती तशीच अर्धवट वाकून थांबली. मी विंगेत कपाळावर हात मारला.

पहिल्या रांगेतून कमळाबाई उठल्या. डोळे पुसत ओरडल्या, "पड गो बाय, पड! पोरगा मेलाय तुझा! शालू मी धुवीन!"