किनव्हॅरी हे नाव कुणी घ्यायचे नाही

मी एक जुने आडनाव आहे, मित्रांनो. स्कॉटलंडच्या उत्तर-पूर्व किनाऱ्यावरचे. किनव्हॅरी म्हणतात मला. तुम्ही मोठ्याने वाचलेत तरी चालेल. तुम्ही बसला आहात तिथून कोणतीही होडी आज समुद्रावर जायची नाही.

मला रंग नाही, वजन नाही. माणसाच्या पाठीवर बसून मी हिंडते. तो जेवतो तेव्हा माझे पोट भरत नाही, पण तो बुडतो तेव्हा मीही बुडते. माझी सगळ्यात जास्त भरभराट होती, तेव्हाही मी जेमतेम एकेचाळीस माणसांचे होते.

माझे मूळ समुद्राकाठचे नाही. चार-पाच कोस आत, टेकडीच्या उतारावर किनव्हॅरी नावाचे एक शेत होते. ओटचे चार तुकडे, दगडी बांध आणि एक ओढा. तिथली माणसे एकमेकांना नुसत्या नावाने हाक मारत. मुलगा कुणाचा एवढे सांगितले की भागत असे. पुढे लागोपाठ चार वर्षे ओट पिकलाच नाही. कणसे हिरवीच राहिली आणि त्यांच्यावर बर्फ पडला. विल्यम नावाचा एक माणूस बायको आणि पाच मुले घेऊन टेकडी उतरला. स्केलन नावाच्या कोळ्यांच्या गावी पोचला, तेव्हा त्याच्याबरोबर तीन मुले चालत होती आणि दोन त्याने उचलून आणली होती. ती दोन पुरायची होती. चर्चच्या कारकुनाने वही उघडून विचारले, “कुठले तुम्ही?”

“किनव्हॅरीचे.”

त्याने तेच लिहिले. दोन लेकरांच्या मृत्यूच्या नोंदीत माझा जन्म झाला, मित्रांनो. त्या शाईचा वास मला अजून आठवतो.

स्केलनमध्ये तेव्हा तीनच आडनावे होती: फ्लेट, स्लेटर आणि मेअर. एका गल्लीत सहा विल्यम फ्लेट. त्यामुळे प्रत्येकाला एक टोपणनाव असे, कुणी बदक, कुणी लांबडा, कुणी राजा. माझ्या माणसांना त्याची गरज पडली नाही. किनव्हॅरी म्हटले की एकच घर. ते दोर वळत. वादळात बाकीचे दोर तुटले तरी किनव्हॅरीचा दोर टिकतो, असे लोक म्हणत, आणि ते ऐकताना मला बरे वाटे. ऐंशी-एक वर्षे माझी अशी सुखात गेली.

मग एका सकाळी पीटर किनव्हॅरी नवा दोर खांद्यावर टाकून वाळूवर आला. समोर एक होडी निघत होती. दोर आत टाकता टाकता तो बोलून गेला, “आज कुठवर जाणार, गड्यांनो?”

निघालेल्या कोळ्याला कुठे जाणार असे विचारायचे नसते. स्केलनच्या तान्ह्या मुलालाही हे ठाऊक. पीटर तिथेच जन्मला होता, पण त्या दिवशी तोंडातून गेले ते गेले. होडीतल्या पाच फ्लेटांपैकी कुणी उत्तर दिले नाही. संध्याकाळी ती होडी परत आली नाही.

पीटरला कुणी मारले नाही, शिवीही दिली नाही. फक्त त्या दिवसापासून गावाने माझा उच्चार सोडला. डुक्कर आणि ससा यांचीही नावे ते समुद्रावर घेत नसत. त्या बिचाऱ्यांना त्याचे काही वाटत नसावे. माझे नाव मात्र जमिनीवरही नको झाले. चुकून कानावर पडले, तर लोक हाताला लागेल त्या लोखंडाला हात लावून म्हणत, “थंड लोखंड!” म्हणजे मग अरिष्ट टळते.

माझ्या माणसांचे दोर कुणी घेईना. त्यांना होडीवर कुणी घेईना. मग मी जगभर पसरले, पण ते पसरणे म्हणजे मूठभर पीठ वाऱ्यावर उडावे तसे होते. एक कुटुंब कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाला निघाले; जहाजावर तापाची साथ आली आणि त्या चौघांनाही एकामागून एक कापडात गुंडाळून पाण्यात सोडले. तीन बहिणी डंडीच्या तागाच्या गिरणीत गेल्या. दोघींनी लग्न करून नवऱ्याचे नाव लावले, तिसरी एकटी राहिली. डेव्हिड नावाचा एकजण न्यूझीलंडच्या अगदी दक्षिण टोकाला पोचला. तिथे मला कोण ओळखत होते? तरी बोटीतून उतरताना नाव विचारले, तेव्हा त्याने मान खाली घालून सांगितले, “मेअर.”

त्याचा मला राग नाही. त्याची भीती मी जवळून पाहिली होती.

स्केलनमध्ये शेवटी एकच किनव्हॅरी उरला, जेम्स, म्हणजे सगळ्यांचा जेमी. गावाने त्याला माझ्याऐवजी ‘टेकडीवाला’ म्हणायला सुरुवात केली होती. तो किनाऱ्यावर शिंपले गोळा करी, दुसऱ्यांची जाळी सांधी. इझोबेल स्लेटर नावाची एक बारीक आवाजाची, देवभोळी मुलगी त्याच्याशी लग्नाला तयार झाली.

आमच्याकडे लग्नाआधी तीन रविवार दोघांची पूर्ण नावे चर्चमध्ये वाचावी लागतात. पहिल्या रविवारी पाद्रीबाबांनी वाचले, “जेम्स किनव्हॅरी आणि इझोबेल स्लेटर...” आणि अख्खे चर्च एकदम खाली वाकले. कुणी बुटाचा खिळा शोधला, कुणी बाकाचा स्क्रू. एका म्हाताऱ्याला काहीच सापडेना, तेव्हा त्याने पुढच्या बाईच्या केसातली पिन धरली. सगळीकडून कुजबुज, “थंड लोखंड, थंड लोखंड.” जेमीचे कान लाल झाले. इझोबेल मात्र ताठ बसून राहिली.

बाहेर पडताना मेअर आजीने तिला गाठले. “अगं बाई, नवरा करायचाच होता, तर हाक मारता येईल असा तरी करायचास!”

“घरात मी त्याला जेमी म्हणेन, आजी. आडनाव देवासमोर घेतलं, तेवढं बास.”

“देव काय होडीवर जातो होय!” आजी म्हणाली, आणि बायका हसल्या.

त्यांना एक मुलगी झाली, एल्स्पेट. ती चार वर्षांची असताना विली फ्लेटच्या होडीवर एक माणूस आजारी पडला. हॅडॉक मासळीचा ऐन हंगाम होता. विली अंधारून आल्यावर जेमीच्या दारात आला. “टेकडीवाल्या, उद्यापासून ये. पण आमच्या होडीवर तू जेम्स स्लेटर. बायकोचं नाव लाव. दुसरं नाव तुझ्या डोक्यातसुद्धा यायला नको.”

“डोक्यात काय येतं ते कसं अडवू?” जेमी म्हणाला. पण तो गेला.

त्या किनाऱ्यावर तेव्हा धक्का नव्हता. पुरुषांचे पाय दिवसभर ओले राहू नयेत म्हणून बायका त्यांना पाठीवर घेऊन पाण्यातून होडीपर्यंत पोचवत. इझोबेलने जेमीला सात सकाळी पाठीवरून नेले. सातव्या दिवशी दुपारी वारा फिरला. विलीची होडी खडकावर फुटली. विली, त्याचा भाऊ आणि आणखी चौघे दुसऱ्या दिवशी वाळूवर सापडले. जेमी सापडला नाही.

आणि मग, मित्रांनो, जे होणार होते तेच झाले. गाव म्हणाले की होडीवर मी होते म्हणून होडी बुडाली. नाव बदलून काय उपयोग, ते होतेच ना तिथे, असे.

वाळूकडे जायच्या वाटेवर बुडालेल्यांसाठी एक दगड उभा करायचे ठरले. सहा नावे कोरून झाली. विलीचा बाप, जॉर्ज फ्लेट, ज्याला गाव बदक म्हणे, तो इझोबेलकडे आला.

“पोरी, सातवं नाव जेम्स स्लेटर म्हणून सांगितलंय मी. तुझ्या बापाच्या नावाचाच मान आहे त्यात.”

“माझा बाप घरात चुलीपाशी खोकत बसलाय, जॉर्जकाका. बुडाला तो जेमी.”

“रोज बावीस होड्यांची माणसं त्या दगडापुढून जाणार! माझी दोन पोरं गेली तुझ्या नवऱ्यापायी. आता बाकीच्यांचीही घालवायचीत?”

“तुमचाच विली त्याला बोलवायला आला होता, काका. माणूस कमी पडला तेव्हा त्याचे हात चालले ना?”

बदक पाठ फिरवून निघून गेला. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या घरात दोन रिकाम्या खुर्च्या होत्या, एवढेच.

इझोबेल पाद्रीबाबांकडे गेली. ते म्हणाले, “बाई, देवाच्या वहीत त्याचं नाव बरोबर लिहिलेलं आहे. दगडाचा एवढा हट्ट कशाला?”

“बाबा, देवाची वही मला वाचता येत नाही. आणि जेमीची माती नाही माझ्याकडं. एल्स्पेट उद्या विचारेल, माझा बाबा कुठाय. तिला बोट ठेवून दाखवायला मला एक ओळ पाहिजे. त्याचीच पाहिजे, दुसऱ्याची नको.”

पाद्रीबाबांनी तिला दारापर्यंत पोचवले. त्यांना गाव सांभाळायचे होते.

सोमवारी पहाटे इझोबेलने नेहमीसारखी गुडघे टेकून प्रार्थना केली, शाल घेतली आणि ती वाळूवरच्या खडकावर जाऊन उभी राहिली. बायका परकर खोचून, नवऱ्यांना पाठीवर घेऊन पाण्यात शिरल्या होत्या. इझोबेल ओरडली नाही. तिचा आवाज मुळातच बारीक, पण पाण्यावरून आवाज लांब जातो.

“जेम्स किनव्हॅरी,” ती म्हणाली.

पाठीवरचे सगळे पुरुष एकदम हलले. “लोखंड! लोखंड दे! फिर, मागे फिर!” कुणी चाकू चाचपला, कुणी गळ हातात रुतवून घेतला.

“अहो, लाथा कशाला मारताय? मी काय घोडी आहे?” एक बाई कंबरभर पाण्यात किंचाळली.

असे नाव कानावर पडल्यावर त्या दिवशी समुद्रावर जायचे नसते. बावीस होड्या वाळूवरच राहिल्या. मंगळवारीही इझोबेल आली, माझे नाव एकदाच घेतले आणि घरी गेली. बुधवारीही आली. समुद्र शांत होता, मासळी दारात आली होती आणि स्केलनमध्ये चुली नुसत्या पाण्यावर चालल्या होत्या. सांगायला जड जाते, पण त्या तीन दिवसांत माझ्यामुळे लहान मुले उपाशी झोपली. आजवर गाव माझ्यावर खोटा आळ घेत होते. आता तो खरा झाला होता.

मेअर आजी इझोबेलच्या दारात आली. “सुनेनं काल बाराशे गळांना शिंपलं लावलं. बोटं बघ तिची, सोलून निघालीत. आज सगळं आमिष कुजलं, फेकलं. आम्ही काय बिघडवलं तुझं? गप्प राहा ना गं बाई.”

“तिची बोटं बघून मला रडू येतं, आजी,” इझोबेल म्हणाली. “पण दगडावर जेमीचं नाव येईपर्यंत मी रोज येणार.”

बुधवारी संध्याकाळी बदकाने इझोबेलला शब्द दिला आणि पाथरवटाकडे जाऊन नाव कोरायला सांगितले. तिथून तो लोहाराकडेही गेला.

गुरुवारी इझोबेल खडकावर आली नाही, होड्या निघाल्या. रविवारी प्रार्थनेनंतर सगळे गाव दगडापाशी जमले. सहा नावे उन्हात दिसत होती. सातव्या ओळीवर एक जाड लोखंडी पट्टी होती, चार खिळ्यांनी ठोकलेली.

“शब्द दिल्याप्रमाणं कोरलंय,” बदक म्हणाला. तो इझोबेलकडे बघत नव्हता. “पण आम्हाला जगायचंय, पोरी. म्हणून वरून हे.”

सगळे तिच्याकडे पाहत राहिले. तिने पाथरवटाला विचारले, “आत नीट आहे ना? पूर्ण?”

“पूर्ण. एका हातानं छिन्नी आणि दुसऱ्या हातानं...” तो ओशाळला. “छिन्नी लोखंडाचीच असते म्हणा.”

कुणी हसले नाही. इझोबेलने पट्टीवर हात ठेवला.

“असू दे मग. देवाला लोखंडातून दिसतं.”

तिने एल्स्पेटला उचलले, तिचा तळवा त्या पट्टीवर टेकवला आणि म्हणाली, “हा तुझा बाबा.” मुलीने हात पटकन मागे घेतला. लोखंड फार गार होते.

सोमवारी होड्या निघाल्या. दगडापुढून जाताना प्रत्येक पुरुष पट्टीला हात लावून पुढे गेला. लोखंड ते लोखंडच, मग खाली काहीही असो. अकरा वर्षांनी आणखी दोन होड्या बुडाल्या. तेव्हा गावात एकही किनव्हॅरी पुरुष नव्हता. तरी दोष मलाच दिला गेला.

इझोबेल दुसऱ्यांच्या गळांना शिंपले लावत म्हातारी झाली. रोज सकाळी प्रार्थनेच्या शेवटी ती माझे नाव घेई, अगदी हळू, शेजारच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. गावाला उपाशी ठेवल्याचा पश्चात्तापही ती रोज देवापाशी मांडी. एल्स्पेट हेरिंग मासे साफ करणाऱ्या मुलींबरोबर दक्षिणेला, इंग्लंडमधल्या यारमथ बंदरापर्यंत गेली. तिथे तिला माझ्या नावाने कुणी टाळले नाही. ती पहिल्याच बाळंतपणात गेली; बाळही राहिले नाही. डंडीची एकटी राहिलेली बहीण गिरणीच्या धुळीने छाती भरून वारली. इझोबेलही गेली, आणि त्यानंतरच्या शिरगणतीत माझ्यापुढे कुणीच नव्हते.

आता जगाच्या नकाशावर माझी जागा एवढीच उरली आहे: स्केलनच्या वाटेवरचा एक दगड, त्याची सातवी ओळ. पट्टी गंजली आहे, पण खिळे घट्ट आहेत. नवे रहिवासी तिला दुरुस्तीचा पत्रा समजतात.

मित्रांनो, मला आता कुणी लावावे असे मी म्हणत नाही. माझी माणसे संपली. पण तुमच्या शाळेत, तुमच्या गल्लीत कुणीतरी असेल, ज्याला लोक टोपणनावाने किंवा बोट दाखवून ओळखतात. त्याच्या घराचे नाव काढले की मोठी माणसे विषय बदलतात. ती का बदलतात, हे बहुतेक त्यांनाही नीट ठाऊक नसते. त्याला तुम्ही एकदा पूर्ण नावाने हाक मारा, सगळ्यांसमोर. तो जिवंत आहे तोवर मारा. तो वळून पाहील.