दगड लावून उघडं ठेवलेलं फाटक

थांबा, सायकल त्या भिंतीला टेकवा, माझ्या अंगावर नको. हं, आता बोलू. मी फाटक बोलतोय. माझ्या एका अंगाला माळ आहे, हेदरची झुडपं, दलदल आणि वारा. दुसऱ्या अंगाला जंगल. दोन्हींतून खडीचा एकच रस्ता जातो, आणि त्या रस्त्यावर मी उभा आहे.

माझा जन्म याच जंगलातला. मी लार्चचं झाड होतो. खालच्या गावातल्या सुतारानं मला कापलं, तासलं, आडव्या फळ्यांना एक तिरकी पट्टी ठोकली आणि इथे आणून टांगलं. तेव्हा माळावरच्या मेंढ्यांचे मालक, म्हातारे टेल्फर, माझ्यावर हात ठेवून म्हणाले, "फाटक म्हणजे अर्धा मेंढपाळ." ते ऐकून मी असा फुगलो, की सुताराला वाटलं पावसानं लाकूड फुगलं, आणि त्यानं माझी कड पुन्हा तासली. तेव्हापासून मी जरा जपूनच खूश होतो.

टेल्फरांना दोन मुली. थोरली एल्स्पेथ, धाकटी थेल्मा. थेल्मा माझ्यावर चढून झोके घ्यायची आणि तशीच पळत सुटायची. मग म्हाताऱ्यांची हाक अख्ख्या माळावर घुमायची, "फाटक!" पोरगी अर्ध्या रस्त्यातून परत यायची, कडी लावायची, मगच घरी. हे इतक्या वेळा झालं, की पुढे हाकेची गरजच उरली नाही.

मोठी झाल्यावर थेल्मा न्यूकॅसलला गेली आणि तिथे बस चालवू लागली. एल्स्पेथ मेंढ्यांपाशी राहिली. वडील गेले तेव्हा थेल्मा आली, दोन दिवस राहिली आणि पुन्हा गेली. त्यानंतर एल्स्पेथ आपल्या कुत्र्याशी बोलताना तिचं नाव घेत नसे. "आमची शहरवाली" म्हणायची, तेही नाक मुरडून.

मधल्या काळात जंगलतोडीचे ट्रक या रस्त्यानं जायचे. धुळीनं माझा जीव नकोसा व्हायचा. मोठी झाडं संपली, ट्रक थांबले, आणि हळूहळू जाड टायरांच्या सायकली येऊ लागल्या. त्यांची एकेक तऱ्हा सांगावी तेवढी थोडीच. कुणी मला "धन्यवाद हं" म्हणतो. कुणी माझ्यावर कोपर टेकून चीज-लोणच्याचं सँडविच खातो आणि कण माझ्या फटीत सांडतो. काही महाभाग कडी शोधायचा कंटाळा म्हणून चिखलानं भरलेली सायकल माझ्या डोक्यावरून पलीकडे नेतात. कडी समोरच असते हो!

मग एके दिवशी थेल्माही सायकल घेऊन आली. निवृत्त होऊन ती गावात राहायला आली होती. त्याआधी शहराबाहेरच्या मोठ्या रस्त्यावर एका ट्रकनं तिला सायकलसकट कुंपणात उडवलं होतं. हाड जुळलं, पण भीती गेली नाही. इंजिनाचा आवाज आला की ती सायकलवरून उतरून भिंतीला चिकटून उभी राही. पण जंगलात एकही मोटार येत नाही. त्या दिवशी ती माझ्यापर्यंत पोचली, माझ्यावर रेलली आणि हसता हसता रडायला लागली.

एल्स्पेथ माळावरूनच येत होती. थेल्मा ओरडली, "एल्सी, अगं वाटेत एकसुद्धा गाडी नाही!"

"गाड्या नाहीत, पण तुम्ही लोक आहात ना," एल्स्पेथ म्हणाली. "तुम्हा सायकलवाल्यांपायी माझी एक जरी मेंढी गेली ना, तर या फाटकाला साखळी घालून कुलूप ठोकीन. मग तू असलीस तरी."

एल्स्पेथ उगाच धमकी देणारी बाई नाही. हा रस्ता बंद झाला, तर थेल्मासाठी सायकल संपलीच होती.

आता एका एप्रिलमधली गोष्ट; आमच्याकडे तेव्हाही बर्फ पडतो. कोकरं नुकतीच जन्मली होती. आमच्याकडच्या मेंढ्यांना माळावर कुंपण लागत नाही. आईमागून हिंडता हिंडता कोकराला आपला माळ कळतो, आणि हवा बिघडली की कुठल्या आडोशाला उतरायचं तेही कळतं. हा आडोसा म्हणजे माझ्यामागची जुनी झाडं. म्हणून बर्फ येणार असेल, तर एल्स्पेथ मला उघडून दगड लावून ठेवते. त्या दिवशीही तिनं तसंच केलं आणि आपली चार चाकांची फटफटी घेऊन मागे राहिलेल्या मेंढ्या हाकायला दूर निघून गेली.

थेल्मा सकाळीच माळावर गेली होती. आभाळ काळवंडलं तशी ती घाईनं परतली. सायकल माझ्यातून जंगलाच्या बाजूला काढली, पायानं दगड सरकवला, मला ओढलं, कडी लावली आणि उतारानं निघून गेली. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. हात आपोआप चालला होता. मी बिजागरीतून जमेल तेवढा करकरलो, पण फाटकाची करकर कोण ऐकतो?

बर्फ सुरू झाला. मेंढ्या उतरल्या, माझ्यापाशी येऊन अडल्या. मागच्या पुढच्यांना रेटत होत्या. ओली कोकरं माझ्या खालच्या फळीला चिकटून थरथरत होती. जंगल इतकं जवळ, आणि मधे मी. मला आडवं केलं त्या दिवशीसुद्धा मी इतका हतबल नव्हतो.

पुढचं मला नंतर कळलं. खाली जंगलात दोन शहरी सायकलस्वार झाडाखाली चहा पीत होते. थेल्मा दिसताच त्यातला एक म्हणाला, "अहो बाई, वरच्या फाटकाला दगड लावलाय. आम्ही तसंच उघडं ठेवलं. त्याच्यावरच्या पाटीवर लिहिलंय ना, जसं असेल तसं ठेवा."

"दगड?" थेल्मा म्हणाली, आणि तिचा चेहरा पडला. "अरे देवा! मी लावलं ते फाटक!"

ती वळली. बर्फात चढण चढत आली. रस्ता पांढरा झाला होता, पण दोन्हीकडे झाडं होती आणि चाकाखाली खडी बोलत होती, म्हणून वाट चुकली नाही. धापा टाकत तिनं कडी काढली. मी सताड उघडलो. आणि मेंढ्या तिला बघून उलट्या माळाकडे पळाल्या!

ट्रकनं उडवल्यापासून ती डोळ्यांत खुपेल असं पिवळं जाकीट घालायची, मोटारवाल्यांना लांबून दिसावं म्हणून. मेंढ्या त्यालाच बुजल्या होत्या. तिच्या लक्षात आलं तसं तिनं जाकीट काढून खड्ड्यात फेकलं, सायकलही ढकलली, आणि नुसत्या स्वेटरवर झाडामागे श्वास रोखून उभी राहिली. बराच वेळ काही हललं नाही. मग एक म्हातारी मेंढी परत आली, तिनं मला हुंगलं आणि आत शिरली. तिच्यामागून सगळ्या. कोकरं माझ्या खांबाला घासत गेली. काय सांगू, किती बरं वाटलं!

शेवटच्या मेंढ्यांमागून एल्स्पेथ आली. तिनं सरकलेला दगड आणि माझ्यासमोरची चिखलात तुडवलेली जागा पाहिली आणि भडकली. "कुणी लावलं होतं हे? त्या शहरी गाढवांनीच ना? आजच साखळी आणते!"

त्या दोघांवर ढकलून देणं किती सोपं होतं! मीही क्षणभर तसंच व्हावं असं मनात आणलं. पण थेल्मा झाडामागून पुढे आली. दात वाजत होते. "मी लावलं, एल्सी. त्यांनी उघडंच ठेवलं होतं. कुलूप घालायचं तर घाल."

एल्स्पेथ आधी झाडांत गेली. एकेक कोकरू चाचपून आली. सगळी होती, सगळी हलत होती. मग परत येऊन ती माझ्यावर धपकन रेलली आणि खांदे गदागदा हलू लागले. हसतेय की रडतेय ते मला कळेना.

"दगड लावलेलं फाटक कुणी परका बंद करेल का गं?" ती म्हणाली. "हे घरच्याच माणसाचं काम. मला वाटलं होतं, बाबांची हाक, सगळंच तू तिकडे विसरून आलीस." आणि आपला कोट काढून तिनं थेल्माच्या अंगावर घातला.

साखळी आली नाही. माझी वरची फळी आता कुजत चालली आहे, बिजागरीही सैल आहे. लौकरच नवं फाटक बसेल, त्याचं मला वाईट वाटत नाही. तुम्हाला एवढंच सांगणं, बाबांनो, मी जसा दिसेन तसा मला सोडून जा. आणि पुढे माळावर एक म्हातारी कुत्र्यासह भेटेल. ती तुम्हाला थांबवून विचारेल, "खाली माझी बहीण दिसली का हो?" दिसली असेल, तर हो म्हणा. मगच ती घरी जाते.