शिरसाचं बाक

बायको नूरबानो गेल्यापासून सलीमभाईंच्या वखारीत रंध्याचा तेवढा आवाज उरला होता. पाडलेल्या घरांची लाकडं आणायची, खिळे उपसायचे, जात ओळखून वेगवेगळी रचायची, हा त्यांचा वडाळा नाक्यावरचा जुना धंदा. पण लोक प्लायवूडकडे वळले आणि वखारीत माणूस फिरकेनासा झाला. मुलगा अदनान दुबईला होता. एखादा दिवस तर तोंडातून शब्द न निघताच मावळायचा.

एका दुपारी दारात टेम्पो थांबला. ड्रायव्हरशेजारून नऊवारीतल्या एक बाई उतरल्या. मागे एकच खोड होतं, काळंकुट्ट, कवेत न मावणारं.

"चांदवडहून आणलंय," बाई म्हणाल्या. "आमचा तेलाचा घाणा. घर हायवेत गेलं, आता इंदिरानगरला भाचीकडं राहते. लोक म्हणले, फोडून जाळा. मला नाय जमलं."

त्यांचं नाव नवसाबाई. त्या घाण्याभोवती बैल फिरवता फिरवता नवरा म्हातारा झाला आणि गेला. मूलबाळ नव्हतं. भाचीच्या फ्लॅटमध्ये ठेवता येईल असं काहीतरी त्यांना या खोडातून करून हवं होतं.

"लाकूड कुठलं, ठाऊक आहे?"

"सासरे म्हणायचे चिंच. आमचे हे म्हणायचे बाभूळ. त्यावरनं दोघांची लय भांडणं व्हायची."

सलीमभाईंनी पटाशीनं ढलपी काढून नाकाशी नेली. नुसता तिळाचा आणि शेंगदाण्याचा वास. रंग तेलात बुडालेला, वजनही तेलाचंच. शेवटी त्यांनी करवत लावली. ती गाभ्यापर्यंत पोचली, कोरडा भुसा उडाला आणि सलीमभाईंना शिंका सुरू झाल्या. थांबेचनात. डोळ्यांतून धारा लागल्या.

"शिरस!" शिंकांमधूनच ते ओरडले. "याचा भुसाच असा झोंबतो. चिंच नाही, बाभूळ नाही. दोघंही चुकले!"

नवसाबाई तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. बराच वेळ हसल्या. मग पदर डोळ्यांकडे गेला.

"आता सांगू कुणाला?" त्या म्हणाल्या.

बाक करायचं ठरलं. तेल प्यायलेल्या लाकडाला सरस धरत नाही, म्हणून सगळे सांधे लाकडी खुंट्यांनी बसवायचे होते. काम सावकाश चाललं. भाची आणि जावई नोकरीवर गेले की नवसाबाई बसनं यायच्या आणि सागाच्या जुन्या दारांच्या थप्पीवर बसून बघत राहायच्या. पहाटे घाणा करकरायला लागला की गल्ली कशी जागी व्हायची, ते सांगायच्या. सलीमभाई त्यांना हेदाचं लाकूड दाखवायचे, बिबळ्याचं दाखवायचे, कधी नूरबानोबद्दल बोलायचे. तिच्याबद्दल कुणाशी बोलून किती काळ लोटला होता!

बाक तयार झालं. त्या संध्याकाळी सलीमभाईंनी एका पायाची खुंटी ठोकून बाहेर काढली.

"ताई, पाय अजून नीट बसला नाही," दुसऱ्या दिवशी ते म्हणाले.

पुढं पाठ घासायची राहिली, मग कड. असंच काहीबाही निघत राहिलं. एकदा नवसाबाईंनी बाकाला हात लावून जोर दिला. ते तसूभरही हललं नाही.

"सलीमभाई, कवाच झालंय ना हे?"

सलीमभाईंनी मान खाली घातली. "हो."

"मग? मी मागितलं का?" असं म्हणून त्या पुन्हा थप्पीवर जाऊन बसल्या.

दिवाळीनंतर भाचीची नागपूरला बदली झाली. निघायच्या दिवशी वखारीशी टेम्पो फार वेळ थांबला नाही. जावयाला घाई होती. चौघांनी मिळून बाक चढवलं.

"तिकडं कधी आलात तर बसायला या," नवसाबाई म्हणाल्या.

"नागपूर लांब आहे ताई."

"हां. लांबच हाय."

त्यानंतर एका दुपारी सलीमभाईंनी वखार बंद केली आणि बसनं इंदिरानगर गाठलं. तिथं कुणी नाही हे त्यांना ठाऊक होतं. तरी भाचीच्या फ्लॅटचा जिना चढले. दाराला कुलूप होतं. त्यांनी सवयीनं चौकट बोटांनी चाचपली, मग दारावर टकटक करून कान दिला.

शेजारचं दार किलकिलं झालं. "कोण हवंय?"

"कुणी नाही," सलीमभाई म्हणाले. "हे दार आतून पोकळ आहे. पावसाळ्यात फुगेल. एवढं सांगा त्यांना."

"ते गेले सोडून."

"हो का," म्हणत ते कठड्याला धरून हळूहळू जिना उतरले.