अठ्ठावीस इंच

सोसायटीची सभा असली की टेबल जायचं ते हेमांगीच्याच घरातून. तळमजला ना! वरच्यांनी जिन्यावरून टेबल उतरवत कशाला आणावं? आजही तिचं जेवणाचं टेबल पार्किंगमध्ये मांडलेलं होतं आणि त्यावर दोन्ही कोपरं टेकून चेअरमन सुधाकर चहा पीत होते.

ते बघूनच हेमांगीच्या डोक्यात तिडीक गेली. ह्याच माणसाने गटारावर काँक्रीट ओतून स्वतःच्या गाडीला जागा केली. तेव्हापासून दर पावसाळ्यात तिच्या घरात पाणी चढतंय, आणि घरात अंथरुणाला खिळलेली सासू, प्रेमलाबाई. गटार मोकळं करा म्हटलं की सुधाकरभाऊंचं एकच पालुपद, "पुरावा आणा, वहिनी."

पुरावा हवा काय? बरं! दरवर्षी पाणी कुठवर आलं त्याची रेघ ती पेन्सिलीने भिंतीवर ओढत होतीच. भाजी निवडता निवडता दोन महिने तिने प्रोग्रामिंगचे व्हिडिओ पाहिले. शिकवणारे सर सुसाट बोलायचे, म्हणून अर्ध्या वेगाने लावून ऐकले. भाचीचा जुना लॅपटॉप, त्यात एक कंस राहिला की पडदाभर लाल अक्षरं. चिडली, रडलीसुद्धा, पण चार वर्षांच्या पाण्याचे चार निळे खांब तिने पडद्यावरच्या आलेखात उभे केलेच. नऊ इंच, चौदा, एकवीस, अठ्ठावीस.

तिने लॅपटॉप सुधाकरांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"रंग छान दिलात हो! पण हे केवढेसे, बोटभर. एवढ्यासाठी काँक्रीट फोडायचं?"

वरच्या मजल्यांवरचे खो खो हसले. तळमजल्यावरचे मूग गिळून बसले.

हेमांगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बोटभर म्हणे! आणि राग स्वतःचाही आलाच. सरांनी दहादा बजावलं होतं, नुसता आकडा दाखवू नका, बघणाऱ्याच्या ओळखीची वस्तू आकड्याच्या शेजारी ठेवा. नेमकं तेच मेलं राहून गेलं होतं.

ती तरातरा घरात गेली. कपडे वाळत घालायची दोरी आणि शिवणाची टेप घेऊन आली. जमिनीपासून अठ्ठावीस इंच मोजून पार्किंगच्या एका खांबाला गाठ मारली, दोरी सगळ्या खुर्च्यांभोवती फिरवली आणि दुसऱ्या खांबाला कचकन आवळली. बसलेल्या माणसांच्या बरगड्यांशी दोरी आली. हसणं थांबलं.

"हा माझा चौथा खांब," ती म्हणाली. "मोजून घ्या."

"अहो वहिनी, हा काय तमाशा?"

"थांबा, अजून झालं नाही." तिने टेप टेबलाच्या पायाला लावली. "हे टेबल तीस इंच. आमचंच आहे. गेल्या वर्षी पलंग बुडाला, तेव्हा आईंना ह्याच्यावर निजवलं होतं. पाणी दोन इंच खाली होतं, सुधाकरभाऊ. रात्रभर त्या 'हेमा, पाणी कुठवर आलं गं' विचारत होत्या आणि मी खोटं सांगत होते."

सुधाकरांनी टेबलावरची कोपरं हळूच उचलली आणि ते चहाचा कप हातातच धरून बसले.